वॉरगेम शिकताना: आधी एकटीने, मग समोरासमोर

जानेवारीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या, पटावर खेळायच्या युद्धखेळाचं (वॉरगेमचं) पहिलं स्टार्टर किट, म्हणजे नवख्यांसाठीचा छोटा संच, मागवलं आणि नोव्हेंबरात त्यातला शेवटचा सिनॅरिओ, म्हणजे मांडून खेळायची एक ठरावीक लढाई, एका अनुभवी खेळाडूसमोर बसून पुरा केला. मधले बरेच महिने मी एकटीच खेळत होते. या वाटेवर जे जे खेळाडू भेटले, त्यातल्या बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली: हौसेने खोका घेणारे पुष्कळ, पण नियमपुस्तकाच्या पहिल्या काही पानांपुढे जाणारे थोडे. ती पानं ओलांडायला मला काय उपयोगी पडलं ते क्रमाने लिहिते आहे.

वॉरगेममध्ये अख्खं महायुद्ध एका पटावर मांडणारे खेळ येतात आणि एका गावातल्या चार घरांसाठी झगडणारेही येतात. मला दुसऱ्या प्रकाराची ओढ होती. त्यालाच टॅक्टिकल म्हणतात, आणि पटाचं माप बघितलं की फरक लगेच ध्यानात येतो. १९७० च्या ‘पॅन्झरब्लिट्झ’मध्ये एक हेक्स, म्हणजे पटावरचा एक षटकोन, २५० मीटरचा आणि एक काउंटर, म्हणजे पुठ्ठ्याची छोटी सोंगटी, एका प्लाटूनचा किंवा कंपनीचा. १९७७ मध्ये जॉन हिल यांचा ‘स्क्वॉड लीडर’ आला आणि १९८५ मध्ये त्याचे नियम नव्याने लिहून ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’, ज्याला सगळे एएसएल म्हणतात. इथे हेक्स ४० मीटरचा, एक टर्न दोन मिनिटांचा आणि एक काउंटर म्हणजे दहाएक सैनिकांची तुकडी. रस्ता ओलांडायचा की भिंतीआड थांबायचं, हा इथला खरा प्रश्न असतो.

निवड करायला मला वेळ लागला. ‘मेमॉयर ४४’ (२००४) एका संध्याकाळी शिकून खेळता येतो. ‘अनडॉन्टेड: नॉर्मंडी’ (२०१९) पत्त्यांवर चालतो आणि नवख्यांना फार सांभाळून घेतो. ‘कॉम्बॅट कमांडर: युरोप’ (२००६) मध्ये तर फासेच नाहीत, फाशांची जागाही पत्तेच घेतात. तिन्ही चांगले आहेत, आणि घरात लगेच खेळायला कुणी तयार असेल तर मी आजही त्यांपैकीच एखादा सुचवीन. माझ्याजवळ त्या वेळी खेळायला कुणी नव्हतं. ‘कॉम्बॅट कमांडर’ची सगळी गंमत हातातले पत्ते समोरच्याला न दिसण्यात आहे, म्हणून तो एकटीने खेळण्यात अर्थ नव्हता. एएसएलचं मूळ नियमपुस्तक शेकडो पानांचं आणि चक्क फायलीत लावायचं. त्याच्या आकाराला मी घाबरत होते. २००४ मध्ये निघालेलं पहिलं स्टार्टर किट मात्र मोजक्या पानांचं आहे: फक्त पायदळ, जर्मन, अमेरिकन आणि रशियन बाजू, दोन नकाशे, सहा सिनॅरिओ. रणगाडे नाहीत, तोफा नाहीत. शिवाय यात लपवलेल्या तुकड्या नसतात, सगळं पटावर उघडं असतं. एकट्याने शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

मागवण्याबद्दल थोडं. खोक्याच्या किमतीवर लक्ष ठेवाल, पण पाठवणावळ आणि परदेशातून येणार असेल तर आयात शुल्क हेही आधी विचारून घ्या, कारण हलक्या खोक्यांच्या बाबतीत हे दोन्ही मिळून मूळ किमतीला भिडू शकतात. या छंदातले बरेच खेळ कायम छापलेले मिळत नाहीत. जीएमटी ही प्रकाशन संस्था ‘पी ५००’ नावाची पद्धत चालवते: लोक आधी नाव नोंदवतात, नोंदणी पाचशेच्या आसपास गेली की खेळ छपाईच्या रांगेत लागतो आणि पैसे छपाईची वेळ जवळ आल्यावर कापले जातात. नाव नोंदवणं म्हणजे खेळ हातात येणं नव्हे, मध्ये वर्षं जाऊ शकतात. मी एका खेळासाठी असं नाव दिलं आहे आणि अजून वाट पाहते आहे. जुना, वापरलेला खेळ घेत असाल तर विकणाऱ्याकडून काउंटर पसरून काढलेला फोटो मागा. एखाददुसरा काउंटर नसला तरी चालवून घेता येतं, पण नियमपुस्तक किंवा सिनॅरिओ कार्डं नसतील तर त्या खोक्याचा उपयोग नाही.

फेब्रुवारीत खोका आला. पहिला आठवडा काउंटर सुटे करण्यात आणि लावण्यात गेला, आणि मला हे काम मनापासून आवडलं. काउंटर पुठ्ठ्याच्या शीटमधून ओढून काढू नका. कोपऱ्याचे जोड धारदार पात्याने कापा, नाहीतर वरचा छापील कागद सोलून निघतो. पुष्कळ जण नंतर कोपरे गोल कापण्याचं छोटं यंत्र वापरतात. ते ऐच्छिक आहे, पण अर्ध्या इंचाच्या काउंटरची तीन-चारची चळत उचलताना कोपरे एकमेकांत अडकत नाहीत, एवढा फायदा नक्की होतो. राष्ट्रांप्रमाणे तुकड्या वेगळ्या आणि खुणांचे काउंटर वेगळे, असे झाकणाच्या कप्प्यांच्या डबीत ठेवले. चिमटा घेतला. पातळ पुठ्ठ्याच्या नकाशांवर ठेवायला पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची शीट घेतली. एकंदर खर्चात मला सर्वांत उपयोगी वाटली ती हीच, कारण नकाशा सपाट राहतो आणि टेबलाला धक्का लागला तरी काउंटर फारसे सरकत नाहीत.

मग नियम. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, म्हणून सविस्तर सांगते.

नियमपुस्तक मी कादंबरीसारखं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं नाही. आधी प्रकाशकाची दुरुस्तीपत्रं शोधली आणि ज्या नियमांत बदल होता तिथे पेन्सिलने खुणा केल्या. एका टर्नमध्ये प्रत्येक खेळाडूच्या पाळीचे आठ टप्पे असतात: रॅली (धीर खचून मोडलेल्या तुकड्यांना सावरणं), प्रेप फायर (चालीआधीचा गोळीबार), मूव्हमेंट (चाल), डिफेन्सिव्ह फायर (समोरच्याचा गोळीबार), अ‍ॅडव्हान्सिंग फायर (चालीनंतरचा गोळीबार), राउट (मोडलेल्यांचं पळणं), अ‍ॅडव्हान्स (एक हेक्स सरकणं), क्लोज कॉम्बॅट (हातघाई). हे आठ एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि प्रत्येकासाठी वेगळी बैठक ठेवली. पहिल्या बैठकीत फक्त गोळीबार आणि मनोधैर्याची चाचणी. दोन घरं, दोन तुकड्या, बाकी पट रिकामा. दुसऱ्या बैठकीत चाल आणि चालणाऱ्यावर होणारा गोळीबार. मग मोडलेल्या तुकडीचं पळणं, शेवटी हातघाई. सिनॅरिओ मांडण्याची घाई केली नाही.

तुकडीच्या काउंटरवर तीन आकडे असतात. जर्मनांच्या नेहमीच्या तुकडीवर ४-६-७: मारा चार, पल्ला सहा हेक्स, मनोधैर्य सात. दोन फासे टाकायचे आणि बेरीज मनोधैर्याइतकी किंवा कमी आली तर तुकडी टिकली. इथे कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा खेळ उलगडायला लागला. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सात किंवा कमी येण्याच्या २१, आठ किंवा कमीच्या २६, आणि सहा किंवा कमीच्या फक्त १५. काउंटरवर एकेका आकड्याचा फरक दिसतो, पण सहाची तुकडी निम्म्याहून अधिक वेळा कोसळते आणि आठची चारपैकी जवळजवळ तीनदा उभी राहते. लीडरचा, म्हणजे तुकड्यांना धीर देणाऱ्या नायकाचा, काउंटर कुठे ठेवायचा याचा इतका विचार का करतात, तेही तेव्हाच समजलं.

एक गोळीबार जवळून बघू. दगडी घरात दोन जर्मन तुकड्या आणि ८-१ असा लीडर (मनोधैर्य आठ, फाशांच्या बेरजेतून वजा एक). शेजारच्या हेक्समध्ये, मोकळ्या रस्त्यावर, एक अमेरिकन तुकडी धावत येते. चार अधिक चार आठ, शेजारी आहे म्हणून दुप्पट, म्हणजे गोळीबाराच्या तक्त्यातला सोळाचा रकाना. मोकळ्यावर आहे म्हणून वजा एक, सावधपणे न येता धावत आली म्हणून आणखी वजा एक, लीडरचा वजा एक. एकूण वजा तीन. या तक्त्यात आकडा जितका लहान तितका मारा जबर. फाशांची सरासरी सात धरली तर शेवटी चार. आता तीच तुकडी रस्त्याऐवजी शेजारच्या दगडी घरात, एकच हेक्स, सावध चालीने शिरली असती तर? दगडी घराचे अधिक तीन, लीडरचा वजा एक, एकूण अधिक दोन. सरासरी फाशांवर नऊ. तेच सैनिक, त्याच बंदुका, आणि पाच आकड्यांचा फरक. शिवाय रस्त्यावर झालेल्या माऱ्याची निम्मी ताकद त्या हेक्समध्ये मागे उरते, त्याच चालीत मागून येणाऱ्या तुकडीला तिलाही तोंड द्यावं लागतं. हे एवढं एक उदाहरण हातात काउंटर घेऊन दहा वेगवेगळ्या प्रकारे करून पाहा. निम्मा खेळ त्यात आहे.

मार्चच्या अखेरीस पहिला सिनॅरिओ मांडला, ‘रिटेकिंग व्हिएरव्हिल’. नॉर्मंडीतल्या छोट्या गावासाठी अमेरिकन आणि जर्मन पायदळाची झटापट. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, आणि करावी. कार्डावर लढाईआधीची परिस्थिती छापलेली असते आणि तळाशी प्रत्यक्षात काय घडलं तेही. तळाचा भाग मी कागदाने झाकून ठेवते आणि डाव संपल्यावरच वाचते. पहिला डाव एका बैठकीत संपत नाही, असं गृहीत धरा. पट काही दिवस मांडलेला राहील अशी जागा बघा. तशी जागा नसेल तर प्रत्येक बैठकीच्या शेवटी वरून फोटो काढा आणि कोणता टप्पा चालू होता ते कागदावर टिपून ठेवा. चळतीखाली काय दडलंय हे फोटोत दिसत नाही, तेवढं वेगळं लिहायचं.

एकट्याने दोन्ही बाजू खेळणं म्हणजे दुधाची तहान ताकावर, असं अनेकांना वाटतं. माझं मत तसं नाही. अट एवढीच की दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे खेळायला हवं, आणि त्यासाठी काही शिस्त लागते. मी बाजू बदलली की खुर्ची बदलते. नकाशा उलटा दिसायला लागला की आधी न दिसलेले धोके दिसतात. मांडणीआधी प्रत्येक बाजूचा बेत दोन वाक्यांत लिहून ठेवते, म्हणजे मन आपसूक एका बाजूकडे झुकलं तर त्या कागदाकडे बोट दाखवता येतं. दोन चाली सारख्याच चांगल्या वाटल्या तर फासा टाकून एक निवडते. आणि एका बाजूची पाळी संपली की थोडा वेळ उठते. लगेच दुसरी बाजू घेतली तर आधीच्या बाजूला काय हवं होतं ते डोक्यात ताजं असतं आणि नकळत तिला मदत होते. एप्रिल-मे मी असेच डाव खेळले आणि स्टालिनग्राडवरचा ‘वॉर ऑफ द रॅट्स’ तर पुन्हा पुन्हा मांडला. इमारतीमागून इमारत घेत जायचं, त्यात रशियनांच्या ६-२-८ तुकड्या. पल्ला जेमतेम दोन हेक्स, पण जवळ पोचल्या की त्यांच्यासमोर टिकणं कठीण. याच तुकडीकडून खेळताना अंतर कसं कापायचं याचा विचार आणि खुर्ची बदलली की ते अंतर कसं राखायचं याचा. एकाच संध्याकाळी दोन्ही शिकायला मिळतं, हे समोरच्या खेळाडूबरोबर होत नाही.

एकट्यासाठीच बनवलेले खेळही आहेत, त्यांचा वेगळा उल्लेख करायला हवा. १९८३ चा ‘अँबुश!’ मला उसना मिळाला. त्यात मिशनचं कार्ड खिडकी असलेल्या पाकिटात सरकवायचं. आपला सैनिक एखाद्या हेक्समध्ये शिरला की खिडकीत क्रमांक दिसतो का बघायचं, आणि दिसला तर पुस्तकातला त्या क्रमांकाचा परिच्छेद वाचायचा. शत्रू कुठून उठेल हे खरोखर माहीत नसतं. एक मिशन पुन्हा खेळताना ते रहस्य उरत नाही, हीच त्याची मर्यादा. ‘फील्ड्स ऑफ फायर’ (२००८) मध्ये तुम्ही एका कंपनीचे कमांडर असता आणि निम्मी झुंज आपल्याच माणसांपर्यंत हुकूम पोचवण्याशी असते. विषय फार आवडला, पण नियम अवघड आहेत, पहिला खेळ म्हणून नको. सामान्य दोनजणी खेळ एकट्याने खेळायचे असतील तर ज्यांत कोणाची पाळी हे कपातून चिठ्ठी काढून ठरतं असे निवडा. पुढे काय होणार हे दोन्ही बाजूंना माहीत नसतं, त्यामुळे खेळात जीव राहतो.

जूनमध्ये प्रतिस्पर्धी शोधायला घेतला. मनात धाकधूक होती. जुन्या खेळाडूचा वेळ आपण फुकट घालवू असं वाटत होतं. प्रत्यक्षात या छंदात नवीन माणूस आला की लोक हरखतात. फक्त सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: स्टार्टर किटचेच नियम, अमुक सिनॅरिओ, मी नवी आहे, एका पाळीला मला वेळ लागेल.

संगणकावर खेळायला व्हॅसल हा मोफत प्रोग्राम आहे. तो मुळात एएसएलसाठी केलेल्या व्हीएएसएल या प्रोग्राममधूनच वाढला. प्रोग्राम उतरवायचा, खेळाचं मॉड्यूल वेगळं उतरवायचं, आणि दोघांकडे मॉड्यूलची आवृत्ती एकच आहे ना ते आधी तपासायचं. अडचणी बहुतेक इथेच येतात. मला एक अनुभवी खेळाडू मिळाले आणि त्यांच्याबरोबर पहिला डाव ईमेलवर ठरला. आपली चाल लॉग फाइलमध्ये नोंदली जाते, फासेही त्यातच पडतात, आणि ती फाइल समोरच्याला पाठवायची. एएसएलमध्ये हा मार्ग संथ आहे, कारण तुकडी एकेक हेक्स पुढे जाताना बचाव करणाऱ्याला दरवेळी गोळीबाराचा हक्क असतो. प्रत्येक हेक्सला ईमेल पाठवत बसलं तर एक टर्न महिनाभर चालेल. त्यावर उपाय म्हणजे आधीच लेखी सूचना देऊन ठेवायच्या: ‘या घरातली तुकडी शेजारी कुणी येईपर्यंत गोळी झाडणार नाही’, ‘मशीनगन रस्त्यावर दिसेल त्यावर झाडेल’. या सूचना लिहिताना आपला बचाव नेमका कशासाठी उभा आहे हे स्वतःलाच नीट कळतं. तरीही ऑगस्टपासून आम्ही ईमेल सोडून प्रत्यक्ष वेळी, बोलत खेळायला लागलो. नवख्याबरोबर एक छोटा सिनॅरिओ तीन-चार तास घेतो. दोन संध्याकाळी ठेवलेल्या बऱ्या.

समोर माणूस आला की काय बदलतं, ते मला एकाच चालीत दिसलं. मी हल्ला करत होते आणि त्यांच्या दोन तुकड्या गावाच्या कडेच्या घरात होत्या. माझी मशीनगन त्या घरावर रोखलेली. त्यांच्या पाळीत ते गोळी झाडतील असं मी धरून चालले होते. त्यांनी एकही गोळी झाडली नाही. मूव्हमेंटमध्ये दोन्ही तुकड्या सावध चालीने एक हेक्स मागे, माझ्या नजरेआड नेल्या. माझ्या डिफेन्सिव्ह फायरला लक्ष्यच उरलं नाही. आणि अ‍ॅडव्हान्स टप्प्यात त्या पुन्हा त्याच घरात हजर, माझ्या पाळीत माझ्यावर गोळीबार करायला तयार. याला स्कल्किंग म्हणतात आणि सगळे अनुभवी खेळाडू ते करतात. नियम मला पाठ होते. आठ टप्प्यांचा क्रम भिंतीवर लावलेला होता. पण त्या क्रमातून असा बचाव उभा राहतो हे एकटीने खेळताना कधी सुचलं नव्हतं. मी थांबून विचारलं तेव्हा त्यांनी पाळी बाजूला ठेवून मला सगळं समजावलं, आणि त्यावर उतारा काय तेही: बाजूने फिरून त्या मागच्या हेक्सवरही नजर राहील अशी जागा आधी मिळवायची. तो डाव मी हरले. त्यानंतर एकटीने मांडलेला प्रत्येक डाव वेगळा झाला, कारण दुसऱ्या खुर्चीत बसले की आता त्यांच्यासारखा विचार करून बघता येत होता.

नोव्हेंबरात आम्ही प्रत्यक्ष भेटून खेळलो. संगणकावर खेळलेल्यांनी लक्षात घ्यावं, टेबलावर सगळं स्वतः करावं लागतं: खुणा ठेवणं, काढणं, हेक्स मोजणं, नजरेची रेष दोरा ताणून बघणं. ‘ताई, ती तुकडी आत्ताच मोडली ना, तिच्यावर डीएमची खूण राहिली,’ असं ते सहज सांगत (डीएम ही मोडलेल्या तुकडीला सावरणं अवघड करणारी खूण), आणि मीही त्यांच्या खुणा बघत होते. आपल्या फायद्याची नसली तरी खूण ठेवायची, हा इथला अलिखित नियम मला फार आवडतो. फासे तबकातच टाकायचे, तिरपा पडला तर काय धरायचं ते आधी ठरवायचं. नजरेची रेष गोळीबार जाहीर करण्याआधी तपासायची नाही, हा तर नियमच आहे, आणि दोरा ताणायच्या क्षणी दोघांचा श्वास रोखलेला असतो. बोलून खेळायची सवयही लावून घ्या. ‘चालीच्या चारपैकी दोन पॉइंट घरात शिरायला, सावध चाल’, असं मोठ्याने म्हटलं की समोरच्याला गोळीबाराचा निर्णय वेळेवर घेता येतो आणि नंतर वाद उरत नाही.

एक मनातलं. काउंटर लहान असतो, पण तो दहा माणसांचा आहे आणि जागेचं नाव खरं आहे. संपलेल्या तुकड्या मी परत कप्प्यात टाकत नाही, डाव संपेपर्यंत पटाच्या कडेला ओळीने ठेवते. जिंकलेल्या डावातही ती ओळ लांब असते. आमच्या शेवटच्या डावानंतर आम्ही दोघांनी कार्डाच्या तळाचा मजकूर मोठ्याने वाचला आणि मग बराच वेळ खेळाऐवजी त्या लढाईबद्दलच बोलत बसलो.

पुढचं ठरलं आहे. दुसऱ्या स्टार्टर किटमध्ये (२००५) तोफा येतात आणि तिसऱ्यात (२००७) रणगाडे. दुसऱ्याचे काउंटर सुटे करून झाले. त्यांनी हल्ला करायचा आणि मी तोफेसह बचाव, असं वाटून घेतलं आहे. तोफेला तोंड असतं, त्या कोनाबाहेर मारा करायचा तर ती फिरवावी लागते आणि नेम बिघडतो. त्यामुळे सध्या पटावर एकच तोफ ठेवून, दोन्ही खुर्च्यांतून आळीपाळीने, ती कुठे ठेवावी आणि तिच्या कडेने कसं शिरावं हे बघते आहे.